आपल्याच सिनेमाचा हिरो

एक विचारू? उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही, मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. आपण उद्या नसलो तर कोण कोण रडेल, याची यादी तुम्ही कधी केली आहे? म्हणजे घरी कुणीतरी बोललं म्हणून उशीत तोंड खुपसून पडला आहात, किंवा ग्रुपने तुम्हाला न विचारताच पिक्चरचा प्लॅन केला आहे, आणि तुमच्या डोक्यात एक वेगळाच पिक्चर सुरू झालाय. जिने दोन वर्षांत एकदाही वळून बघितलं नाही, ती वर्गातल्या कोपऱ्यात उभी राहून हुंदके देतेय. सबमिशनची फाइल परत फेकणारे सर मान खाली घालून बसलेत. आणि सगळे एकमेकांना सांगतायत, ‘आपल्याला कळलाच नाही रे तो!’

केली असेल यादी, तर लाजू नका. ऑलिव्हर टेट तुमच्या चार पावलं पुढे आहे. पंधरा वर्षांचा हा पोरगा वर्गात बसल्या बसल्या स्वतःच्या मरणाचा अख्खा कार्यक्रम मनात उभा करतो. मुली रडतायत, लोक मेणबत्त्या घेऊन जमलेत, टीव्हीवर बातम्या चालू आहेत. एवढ्यावर थांबेल तर तो ऑलिव्हर कसला? शेवटी तो पुन्हा जिवंतही होतो! आणि हे सगळं तो इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकवतो की हसावं, की ‘अरे, हा तर मीच’ म्हणून तोंड लपवावं, तेच कळत नाही.

‘सबमरीन’ हा ब्रिटिश सिनेमा इथून सुरू होतो. २०१० मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि मार्च २०११ मध्ये ब्रिटनच्या थिएटरांत लागला. तेव्हा तुमच्यातले बरेच जण गळ्यात वॉटरबॅग अडकवून बालवाडीत जात असतील. पण ‘टीनएज’ या विषयावरचे सिनेमे शोधायला बसलात की हा सिनेमा आजही कुणी ना कुणी सुचवतंच. सत्त्याण्णव मिनिटांचा आहे, दोन लेक्चरांत बसेल एवढा. बघून टाका, असं सांगायलाच हा लेख लिहितेय. (पुढे थोडे स्पॉयलर आहेत. पण या सिनेमात ‘पुढे काय होतं’पेक्षा ‘कसं होतं’ यालाच जास्त किंमत आहे, त्यामुळे फारसं बिघडणार नाही.)

मॉसचा सिनेमा, टर्नरची गाणी

‘द आयटी क्राउड’ या मालिकेतला मॉस आठवतो? ऑफिसात आग लागल्यावर फायर ब्रिगेडला शांतपणे ईमेल टाइप करत बसणारा? ज्याच्या मीम्स आपण परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांना पाठवतो, तो? तो रिचर्ड आयोआडी. ‘सबमरीन’ हा दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला सिनेमा. गोष्ट मुळात जो डनथॉर्न या लेखकाच्या २००८ मधल्या कादंबरीतली. डनथॉर्न वेल्समधल्या स्वॉन्झी या समुद्रकाठच्या शहरात जन्मला, आणि ऑलिव्हरही तिथलाच.

सिनेमातली गाणी अ‍ॅलेक्स टर्नरची आहेत. ‘आय वॉना बी युअर्स’वर तुम्ही कधी एखादी रील पाहिली किंवा केली असेल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. टर्नरच्या ‘आर्क्टिक मंकीज’ या बँडचे व्हिडिओ आयोआडीने आधीच दिग्दर्शित केले होते, त्यामुळे ओळख होतीच. इथे मात्र बँड नाही. बहुतेक वेळ टर्नर एकटा, हळू आवाजात गातो. रात्री दिवे बंद करून हेडफोन लावायची सवय असलेल्यांनी जपून ऐका.

लंडन, मोठं घड्याळ, लाल बस असलं इथे काहीच नाही. वेल्सचं आभाळ करडं आहे, वारा बोचरा आहे आणि किनारा रिकामा आहे. आपल्या गावाला जगात फार कुणी विचारत नाही, हे ऑलिव्हरलाही ठाऊक आहे. अमेरिकेत सिनेमा लागला तेव्हा सुरुवातीला ऑलिव्हरच्या नावाने अमेरिकन प्रेक्षकांना एक पत्र दाखवलं गेलं. वेल्स हे इंग्लंडच्या शेजारी आहे असं त्यात समजावून सांगितलंय, आणि तुमच्या देशाने माझ्या देशावर अजून आक्रमण केलेलं नाही याबद्दल कौतुकही केलंय! सिनेमाचा सूर काय आहे ते या पत्रावरूनच कळतं.

अवघडल्यासारखं होतंय? व्हायलाच हवं

अमेरिकन हायस्कूलचे सिनेमे आपण ढिगाने पाहिलेत. त्यात चष्मा काढला की मुलगी सुंदर दिसायला लागते, शेवटी एक नाच असतो आणि सगळ्यांसमोर हिरो भाषण ठोकतो. ‘सबमरीन’मध्ये यातलं काहीही होत नाही. आपण विनोदी आहोत याचा ऑलिव्हरला पत्ताच नाही. काळा डफल कोट घालून, हातात ऑफिसला नेतात तसली ब्रीफकेस घेऊन तो शाळेत जातो. क्रेग रॉबर्ट्सने ही भूमिका केलीये. डोळे मोठे, चेहरा कोरा. तो पापणीही न हलवता एकेक वाक्य टाकत जातो.

ऑलिव्हरला जॉर्डाना बेव्हन आवडते. लाल कोट, कपाळावर सरळ कापलेले केस, हातावर एक्झिमा, खिशात काड्यापेटी. यास्मिन पेजची जॉर्डाना ही सिनेमात नेहमी दिसणारी ‘स्वप्नातली मुलगी’ नाही. तिला वस्तू पेटवायला आवडतात आणि रोमँटिक बोलणं तिला अजिबात चालत नाही. त्यांचं पहिलं किस कसं होतं, बघा. ती त्याला कॅमेरा आणि डायरी घेऊन बोलावते. किस करताना ती फोटो काढते, कारण तिला तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडला जळवायचंय. मग त्या किसचं वर्णनही ती ऑलिव्हरकडून डायरीत लिहून घेते. प्रेमाचं सगळं कामकाज लेखी!

पुढे तो बॉयफ्रेंड ऑलिव्हरला गाठतो. जॉर्डानाबद्दल एक घाणेरडा शब्द बोल, म्हणजे सोडतो, अशी अट घालतो. ऑलिव्हर बोलत नाही. मार खातो. तेवढ्यावर जॉर्डाना त्याची गर्लफ्रेंड होते. त्याच्या हातून नकळत झालेलं सगळ्यात चांगलं काम बहुधा हेच.

यानंतर मात्र तो विचार करायला लागतो आणि घोटाळा सुरू होतो. आपण कोण आहोत हे तिला कळावं म्हणून तो तिला वाचायला जड जड पुस्तकं देतो. सिनेमाला नेतो तो कुठल्या? कार्ल ड्रायरचा १९२८ मधला मूकपट, ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’. एका संत मुलीला जिवंत जाळतात, त्याची गोष्ट. डेटवर. तुम्ही हसाल, पण जरा आठवून बघा. समोरच्याला काय आवडतं हे न विचारता, ‘माझी टेस्ट किती भारी आहे’ हे दाखवणारी प्लेलिस्ट तुम्ही कुणालाच पाठवली नाहीत?

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अवघडणं. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, बोललो तर जास्त बोलतो, गप्प बसलो तर वाटतं समोरच्याला आपण खडूस वाटलो. मोठी माणसं या वयाबद्दल बोलताना ‘सोनेरी दिवस’ वगैरे म्हणतात. त्या दिवसांत आपण बहुतेक वेळ आपल्याच शरीरात भाड्याने राहिल्यासारखे वावरत होतो, हे ते विसरलेले असतात. ‘सबमरीन’ ते विसरत नाही. म्हणून तो बघताना एकीकडे कानकोंडं व्हायला होतं आणि दुसरीकडे फार हलकं वाटतं.

घरातली हेरगिरी

ऑलिव्हरच्या डोक्याला दुसरा ताप आहे तो आईबाबांचा. बाबा लॉइड समुद्री जीवशास्त्रज्ञ आहेत, मासे आणि खोल समुद्र हा त्यांचा विषय. पण गेले काही दिवस ते स्वतःच कुठेतरी तळाशी जाऊन बसल्यासारखे आहेत. आई जिल ऑफिस आणि घर यांत वैतागलेली. नोआ टेलर आणि सॅली हॉकिन्सने हे दोघे असे उभे केलेत की आपल्याच बिल्डिंगमधले वाटावेत. (सॅली हॉकिन्स म्हणजे ‘पॅडिंग्टन’मधली मिसेस ब्राउन.) त्यात शेजारी राहायला येतो ग्रॅहम, आईचं पहिलं प्रेम. रंगवलेली व्हॅन, विचित्र केस, आणि धंदा लोकांना प्रकाश आणि रंगांबद्दल प्रवचनं देण्याचा. पॅडी कन्सिडाइनने हा माणूस असा केलाय की राग येतो आणि हसूही आवरत नाही.

आईबाबांमधली जवळीक टिकून आहे का, याचा तपास ऑलिव्हर त्यांच्या बेडरूममधल्या दिव्याच्या डिमरवरून करतो. मग आईच्या नावाने बाबांना खोटं प्रेमपत्र लिहितो. आपण हसतो. पण घरात दोन माणसं एकमेकांशी फक्त ‘दूध आणलं का’ एवढंच बोलायला लागली की मुलं कशी हळूच कान टवकारून झोपतात, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना ते हसू मध्येच घशात अडकतं.

याच सिनेमाची एक छोटी गंमत. पडद्यावरच्या या मायलेकांनी पुढे पुन्हा एकत्र काम केलं. क्रेग रॉबर्ट्स स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्याच्या २०१९ मधल्या ‘इटर्नल ब्यूटी’ची नायिका होती सॅली हॉकिन्स. आणि ‘सबमरीन’साठी आयोआडीला पदार्पणाच्या बाफ्टाचं नामांकन मिळालं, त्या वर्षी ते बक्षीस नेलं ‘टिरॅनोसॉर’ने. त्याचा दिग्दर्शक कोण? पॅडी कन्सिडाइन! म्हणजे ग्रॅहम इथेही आडवा आलाच.

हसता हसता

आता मुद्द्याचं. ऑलिव्हर गोड आहे, मजेशीर आहे, आपल्यासारखा आहे. पण तो नेहमी बरोबर नाही.

जॉर्डानावर छाप पाडायची म्हणून तो झोई नावाच्या लठ्ठ मुलीला त्रास देण्यात सामील होतो. प्रकरण हाताबाहेर जातं, झोई पाण्यात पडते आणि पुढे शाळाच सोडते. ऑलिव्हरला वाईट वाटतं. मग तो काय करतो? सॉरी म्हणायच्या ऐवजी तिच्यासाठी एक पत्रक टाइप करतो. लोकांनी त्रास दिला तर कसं वागावं, याचा सल्ला! चूक याची आणि मार्गदर्शनही याचंच. त्या पत्रकाला मी खूप हसले. नंतर माझ्याच फोनमधले काही लांबलचक ‘सॉरी’ मेसेज वाचले. त्यात तीन ओळी सॉरीच्या होत्या आणि वीस ओळी ‘मी असं का वागले’ याच्या.

पुढे कळतं की जॉर्डानाच्या आईला ब्रेन ट्यूमर आहे. ख्रिसमसच्या जेवणाला ऑलिव्हर तिच्या घरी जातो, तर टेबलावर तिचे बाबा रडायला लागतात. एरवी काड्या पेटवत फिरणारी जॉर्डाना मऊ पडलेली असते. तिला कुणीतरी हवं असतं. आणि ऑलिव्हर घाबरतो. त्याला जी टणक, बेफिकीर जॉर्डाना आवडली होती, ती हरवतेय याची त्याला भीती वाटते. आईच्या मरणासाठी तिच्या मनाची तयारी व्हावी म्हणून आधी तिचा कुत्रा मारावा का, असलाही विचार त्याच्या डोक्यात येऊन जातो. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिला त्याची हॉस्पिटलमध्ये गरज असते. तो तिच्याजवळ नसतो. आईबाबांचं लग्न वाचवणं जास्त महत्त्वाचं आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातलेली असते.

एका प्रसंगात ऑलिव्हर म्हणतो की आपल्यामागे सतत एक फिल्म क्रू असावा असं त्याला वाटतं. आपण निघून जाताना कॅमेरा क्रेनवरून वर वर जातोय, अशी तो कल्पना करतो. पण आयुष्य असंच चाललं तर आपल्यावरच्या सिनेमाला फक्त झूम आउटपुरतंच बजेट मिळेल, असंही म्हणतो. आणि कॅमेरा खरंच स्वस्तातला झूम आउट करतो. जोक भन्नाट आहे. सिनेमाचं सगळं दुखणंही त्यातच आहे. ऑलिव्हर दुष्ट नाही. तो स्वतःचा सिनेमा काढण्यात गुंतलाय. त्या सिनेमात जॉर्डाना हिरोईन आहे, झोई साइड रोल आहे आणि ट्यूमर हा कथेतला एक वळणाचा प्रसंग. हॉस्पिटलच्या बाकड्यावर एक घाबरलेली मुलगी बसलीये, एवढी साधी गोष्ट त्या स्क्रिप्टमध्ये बसतच नाही.

सिनेमात मोबाइल नाहीत. कॅसेट आहेत, टाइपरायटर आहे, साल कुठेच सांगितलेलं नाही. (‘सेक्स एज्युकेशन’ पाहिली असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. तीही वेल्समध्येच शूट झाली आणि तिथेही नेमका काळ कळत नाही.) ऑलिव्हरला फिल्म क्रूची फक्त स्वप्नं पडायची. आपला क्रू तर खिशातच असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण फोन नसतानाही ऑलिव्हरने हेच केलं. स्वतःकडे बाहेरून बघत राहायची खोड या वयाचीच आहे. फक्त आपल्याला ती चोवीस तास पुरवता येते.

आता माझी गोष्ट. सेकंड इयरला एका मैत्रिणीचे बाबा आयसीयूत होते. मी मेसेज टाइप केला आणि डिलीट केला. वाटलं, आत्ता ती घरच्यांसोबत असेल. मग वाटलं, मी जाऊन बोलणार काय? मग, उद्या नक्की. चार दिवस गेल्यावर इतके दिवस गेलो नाही याची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी अजून आठ दिवस गेले. त्या काळात मी तिच्याबद्दल खूप विचार केला, अगदी रडलेसुद्धा. तिला त्यातलं काहीच पोहोचलं नाही. तिचे बाबा बरे झाले. ती आजही माझ्याशी छान बोलते. पण घरचं काही असलं की ती मला सांगत नाही. त्यासाठी तिने दुसरी माणसं शोधली आहेत.

म्हणून मला ‘सबमरीन’ नुसता ‘क्यूट’ म्हणता येत नाही.

बाबांची कॅसेट

जॉर्डाना ऑलिव्हरला सोडून जाते. जायलाच हवी होती. आणि ऑलिव्हर पाण्याखाली जातो, म्हणजे अंथरुणातून उठावंसं वाटत नाही अशी अवस्था. सिनेमाच्या नावाचा अर्थ मला इथे लागला. प्रत्येक जण आपापल्या पाणबुडीत बसून खोल समुद्रातून चाललाय आणि शेजारची पाणबुडी दिसतच नाही.

पण या घरात पाण्याखाली जायचा अनुभव असलेला एक माणूस आहे. ऑलिव्हरचं प्रेम जमलं होतं तेव्हाच बाबांनी त्याला एक कॅसेट भरून दिलेली असते. सुरुवातीची गाणी प्रेमातल्या आनंदाच्या दिवसांसाठी, आणि शेवटची काही गाणी, समजा जमलं नाही तर त्या दिवसांसाठी. किती साधी गोष्ट! बाबा लेक्चर देत नाहीत, ‘अभ्यासात लक्ष घाल’ म्हणत नाहीत. त्यांना स्वतःलाच धड बोलता येत नाही. पण मुलगा कुठे जाऊन पोहोचणार आहे हे त्यांना माहीत आहे, आणि ते तिथे आधीच गाणी ठेवून आलेत. ऑलिव्हरला जे जमलं नाही, ते या अबोल माणसाला जमतं.

सिनेमात उणिवा नाहीत असं नाही. ग्रॅहमचं प्रकरण मधे जरा लांबतं. फ्रेंच सिनेमाची नक्कल कुठे कुठे डोळ्यांत भरते, ट्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ पाहिलेल्यांना समुद्र दिसला की तो आठवेलच. आणि जॉर्डानाची बाजू आपल्याला फार कमी कळते. तिच्या घरात आपण ऑलिव्हर जातो तेवढेच जातो. पहिल्यांदा पाहताना मला हे खटकलं. दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, ऑलिव्हरने तिला जेवढं पाहिलं तेवढीच ती आपल्याला दिसणार ना!

शेवट सांगते, पण अर्धाच. रिकामा किनारा, लाल कोट, आणि धावत तिच्याजवळ जाणारा ऑलिव्हर. एरवी पानंच्या पानं बोलणाऱ्या या मुलाकडे आता भाषण नाही. दोघं बुटांसकट पाण्यात जाऊन उभे राहतात, शेजारी शेजारी. माफ केलं, पुन्हा एकत्र आलो, असं कुणी म्हणत नाही. पाणी घोट्यापर्यंतच आहे. इतका वेळ खोल समुद्राच्या गप्पा ऐकल्यावर दोघांच्या पायाखाली वाळू लागलेली पाहून मला तरी फार बरं वाटलं.

तर या वीकेंडला ‘सबमरीन’ पाहा. एकट्याने पाहिलात तर जास्त हसाल, कारण कुणी आपल्याकडे बघत नसेल. आणि बघून झाल्यावर, टाइप करून डिलीट केलेला एखादा मेसेज आठवला, तर तो पुन्हा टाइप करत बसू नका. फोन लावा, नाहीतर सरळ जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. बाकड्यावर शेजारी बसायला डायलॉग लागत नाहीत.